आत कुठेतरी जीप आहे

आमच्या मेहुण्याने जीप घेतली तेव्हा ती दिसत होती. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण आता दिसत नाही. गाडीचा रंग कोणता, कंपनी कुठली, असं उद्या कुणी साक्षीला बोलावून विचारलं तर मला सांगता येणार नाही. चार चाकं जमिनीवर आणि एक पाठीवर, एवढं शपथेवर सांगेन. बाकी सगळं सामान. टपावर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर दिव्यांची लांबलचक पट्टी, एका अंगाला काळं नळकांडं, दुसऱ्या अंगाला गुंडाळलेलं छत, मागच्या दारावर स्टेपनी, स्टेपनीवर उंच जॅक, शेजारी शिडी, शिडीला फावडं, फावड्याशेजारी कुऱ्हाड, दोन लाल जेरीकॅन आणि दोन नारिंगी फळ्या. या सगळ्याच्या आत कुठेतरी जीप आहे, आणि जीपच्या आत कुठेतरी मेहुणा.

गंमत म्हणजे डिकी रिकामी. नुसती रिकामी नव्हे, झाडूनपुसून स्वच्छ. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "अरे, यातलं निम्मं सामान आत मावेल की!" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या नव्या नवरीला मंगळसूत्र पर्समध्ये ठेवायला सांगितलंय.

"भावोजी," तो म्हणाला, "आत ठेवलं तर दिसणार कसं?"

इतकं सरळ उत्तर मला या विषयावर पुन्हा कुणी दिलं नाही.

सासूबाईंना ही गाडी पहिल्यांदा दाखवली तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी देवळाला घालावी तशी गाडीला सावकाश प्रदक्षिणा घातली. फावड्यापाशी थांबल्या. "विहीर खणायची आहे?" नाही. कुऱ्हाडीपाशी थांबल्या. "लाकडं फोडायची आहेत?" नाही. लाल डबा वाजवून पाहिला, तो पोकळ वाजला. "रॉकेल मिळतं होय अजून?" मग त्या काळ्या नळकांड्याकडे वळल्या, ते बॉनेटच्या बाजूने निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत गेलं होतं. "आणि हे धुराडं?"

"आई, ते धुराडं नाही, स्नॉर्केल आहे. धूर बाहेर सोडत नाही, हवा आत घेतं. नदीतून गाडी घातली तर इंजिनाला वरून श्वास घेता येतो."

"आणि आतल्या माणसांना?"

या प्रश्नाला मोटारशास्त्रात उत्तर नाही. इंजिन टपाच्या उंचीवरून निवांत श्वास घेत असतं आणि तोवर पाणी दारांच्या फटीतून आपल्या मांडीपर्यंत आलेलं असतं. तरी स्नॉर्केलचा खरा उपयोग आहे. धुळीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेला फुफाटा खाली दाट असतो, वर विरळ. त्यामुळे उंचावरून घेतलेली हवा इंजिनाला मानवते. पण हे सगळं केव्हा, तर ते नळकांडं एअर फिल्टरला जोडलेलं असेल तेव्हा. मेहुण्याचं जोडलेलं नाही. बॉनेटच्या कडेला भोक पाडलं तर वॉरंटी जाते, असं त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून त्याने नुसतं चिकटवून घेतलं. थोडक्यात, नाक वरती लावलंय, श्वास मात्र पूर्वीच्याच तोंडाने चालू आहे.

यातल्या एकेका वस्तूचं घराणं मात्र फार मोठं आहे, आणि ते मला मेहुण्यामुळेच वाचावं लागलं. जेरीकॅनचंच घ्या. हा डबा जर्मन सैन्यासाठी 1937 च्या सुमारास तयार झाला. वीस लिटरचा. ब्रिटिश सैनिक जर्मनांना कुचेष्टेने 'जेरी' म्हणत, म्हणून जेरीचा कॅन. त्याला वर एक नव्हे, तीन मुठी असतात. भरलेला एक डबा एकट्याने न्यायचा तर मधली मूठ, दोघांनी मिळून न्यायचा तर कडेच्या दोन, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन डबे. अंगावर जी फुली दाबून उठवलेली असते ती शोभेची नव्हे. उन्हात आतलं तेल फुगलं की पत्र्याला थोडं हलायला जागा मिळावी आणि डबा मजबूतही राहावा, म्हणून ती. आत वरच्या बाजूला हवेची पोकळी राहते, त्यामुळे भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगतो. इतका विचार आपल्याकडे लोक सोयरीक जमवतानासुद्धा करत नाहीत.

याच्या समोर ब्रिटिशांकडे काय होतं? चार गॅलनचा पातळ पत्र्याचा डबा. म्हणजे साधारण अठरा लिटर. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्याला 'रॉकेलचा डबा' म्हणत आले त्याचाच हा सख्खा भाऊ. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो ट्रकमधून हिंदकळत जाई आणि मुक्कामी पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं पेट्रोल वाटेतल्या वाळूने पिऊन टाकलेलं असे. मग सैनिकांनी त्या डब्याचा योग्य उपयोग शोधला. डबा मधोमध कापायचा, त्यात वाळू भरायची, वर थोडं पेट्रोल ओतून काडी लावायची आणि चहा उकळायचा. आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. रॉकेलच्या डब्यातून आपण बादली केली, चूल केली, तुळशीचं वृंदावन केलं, चाळीतल्या पाण्याच्या रांगेत नंबर लावायलाही तोच ठेवला. पुढे ब्रिटिशांनी जर्मनांचे डबे लढाईत पळवले, वापरले आणि शेवटी त्यांची हुबेहूब नक्कल केली.

या डब्याची एक गोष्ट मेहुण्याला फार आवडते. 1939 च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन अभियंता एका जर्मन जोडीदाराबरोबर बर्लिनहून मोटारीने भारतात यायला निघाला. निघताना लक्षात आलं, की सगळी तयारी झाली, फक्त पाणी भरून न्यायला काही नाही. तेव्हा त्या जोडीदाराने टेंपलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून हे तीन डबे पैदा केले. जोडीदाराला अर्ध्या वाटेवरूनच परत बोलावण्यात आलं, पण जाताना तो डब्याची सगळी मापं प्लाइसला देऊन गेला. प्लाइस एकटाच पुढे निघाला आणि गाडीनिशी, डब्यांनिशी कलकत्त्याला पोचला. अमेरिकन सैन्यातल्या लोकांनी आधी त्याच्या डब्याकडे लक्षच दिलं नाही. "म्हणजे बघा भावोजी, जेरीकॅन भारतात गाडीनेच आला!" आला, मान्य. पण तो दोन खंड ओलांडत पाणी घेऊन आला. मेहुण्याचे दोन्ही डबे रिकामे असतात, कारण आमच्या घरापासून कुठल्याही दिशेला निघालं तरी दहा मिनिटांत पेट्रोल पंप लागतो.

अर्थात डबा भरून घ्यावा असे रस्तेही आपल्या देशात आहेत. मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये टांडी नावाचं गाव आहे. तिथल्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षं उभी होती. तिच्याखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. तिथे वीस लिटरचा डबा हा दागिना नसतो. डबा आणि आतलं डिझेल मिळून वीसएक किलो वजन होतं, पण ते वजन तिथे देवासारखं वाटतं. कोथरूडमध्ये त्याच डब्यात आम्ही पाणीकपातीच्या दिवशी फरशी पुसायचं पाणी साठवतो. ही कल्पना सासूबाईंची. मेहुणा दोन दिवस जेवला नाही.

मुळात सामान बाहेर टांगायची पद्धत पडली कशामुळे, तर आत जागा नव्हती म्हणून. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप आठवून बघा. लांबी साडेतीन मीटरच्या आत. आत माणसं, बंदुका, वायरलेस. मग स्टेपनी मागे गेली, डबा तिच्या शेजारी गेला, आणि फावडं-कुऱ्हाड डाव्या अंगाला चालकाच्या पायाखालच्या पत्र्याला पट्ट्याने बांधली गेली. त्यातही शहाणपण होतं. गाडी चिखलात रुतली की फावडं हाताला ताबडतोब लागलं पाहिजे, आणि तेलाचा वास नाकाशी नको. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जी जीप जोडायला सुरुवात केली ती याच कुळातली. तेव्हापासून आपल्याकडे जीप म्हटलं की पाठीवर एक चाक पाहिजेच. बाळाला पाठीशी बांधून खुरपायला गेलेली बाई आणि पाठीवर स्टेपनी घेतलेली जीप, दोघींकडे बघून मला सारखाच विश्वास वाटतो.

आणि बाहेर टांगण्याची खरी परंपरा सांगायची तर ती आपलीच आहे, त्यासाठी आफ्रिकेला जायला नको. ज्यांनी सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापच्या जीपने प्रवास केलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. मराठवाड्या-विदर्भात तिला काळी-पिवळी म्हणतात. दहा जणांच्या जीपमध्ये आत अठरा, पायरीवर सहा, टपावर चार आणि त्यांच्यामध्ये एक सायकल, दोन कोंबड्यांच्या पाट्या आणि लग्नाची कोरी कपाटं. मागच्या शिडीला लोंबकळणारा पोरगा एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने तिकिटाचे पैसे धरत असे. पुढच्या बाकावर इतकी माणसं असत, की ड्रायव्हरचा एक पाय, एक खांदा आणि अर्धं ढुंगण गाडीच्या बाहेर. म्हणजे ड्रायव्हरसुद्धा बाहेरून बसवलेली ॲक्सेसरी. त्या गाडीला विंच नव्हता. पण ती रुतली तर लटकलेले दहा जण खाली उतरत, ढकलत, आणि गाडी चालू होताच धावत येऊन आपापल्या खुंटीला पुन्हा लटकत. इतकं हलकं आणि स्वतःहून चालणारं रिकव्हरीचं सामान अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही.

एसटीचंही तसंच. जुन्या लाल गाडीच्या मागे शिडी असे आणि टपावर कठडा. हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन, हात न लावता त्या शिडीने चढे, आणि खालून आजी ओरडे, "लोणच्याची बरणी आहे रे त्यात!" मेहुण्याच्याही गाडीला मागे शिडी आहे. तिने आजवर फक्त एकदा कुणी चढलं. आमच्या सोसायटीतलं मांजर.

शिडी, जॅक, डबे असं सगळं मागच्या दारावर लटकल्यामुळे ते दार उघडणं हा एक विधी होऊन बसलाय. उंच जॅकच तेरा किलोचा. तो अमेरिकेत 1905 पासून बनतोय आणि त्याच्या दांड्याने असंख्य जबडे हलवून ठेवलेत. ओझ्याखाली तो निसटला तर दांडा उलटा येऊन हनुवटीवर बसतो. मेहुण्याने तो उचलायचा कसा हे शिकायचं अजून बाकी ठेवलंय, पण त्याला पॉलिश दर रविवारी करतो. दाराच्या बिजागऱ्या त्या ओझ्याने आता कुरकुरतात. चढावर गाडी उभी असताना दार उघडलं तर ते आपलं आपण फिरतं आणि समोरच्याला शिडीसकट आलिंगन देतं. म्हणून डिकी रिकामी. ती स्वच्छतेमुळे नव्हे, भीतीमुळे रिकामी आहे, हे मला नंतर कळलं.

कायद्याबद्दल फार बोलत नाही, मेहुणा दुखावतो. गाडीच्या पुढे बसवायच्या लोखंडी बुलबारवर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरात हातोडा उचलला. समोरच्या पादचाऱ्याला ते घातक, आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. मेहुण्याने बुलबार काढला. काढून गच्चीत ठेवला. त्यावर आता सासूबाई गोधड्या वाळत घालतात.

खरी अडचण झाली ती उंचीची. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या तोंडाशी साखळ्यांना एक आडवा पिवळा पाइप टांगलाय. जीप मूळची त्याच्या खालून वाकल्याशिवाय जायची. कॅरिअर आणि दिव्यांची पट्टी बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाइपाने घंटेसारखा टोला दिला. वॉचमन गणपतीची आरती सुरू झाली असं समजून चपला काढून आला. तेव्हापासून जीप रस्त्यावर राहते. रस्त्यावर राहते म्हणून प्रत्येक वस्तूला कुलूप आलं. डब्यांना कुलूप, जॅकला कुलूप, फावड्याला कुलूप, नारिंगी फळ्यांना खास किल्लीनेच फिरणारे बोल्ट. एकूण सात किल्ल्यांचा जुडगा. जुन्या वाड्यातल्या सासवांच्या कमरेला असे तसा. तो जुडगा गाडीच्या किल्लीबरोबर खिशात मावत नाही, म्हणून घरी दारामागच्या खुंटीला असतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मेहुण्याच्या लक्षात राहिलं नाही.

तर आम्ही आंजर्ल्याला निघालो. सासूबाईंना कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं, बायकोला सोलकढी प्यायची होती, आणि मेहुण्याला कुठेतरी रुतायचं होतं. तसं तो बोलला नाही, पण चेहऱ्यावर होतं. एवढं सामान लावलेल्या माणसाला रस्ता चांगला निघाला की वाईट वाटतं.

ताम्हिणी घाटाच्या आधीच, गाडीने साठ-पासष्टचा वेग धरल्यावर, आत शिट्टी ऐकू येऊ लागली. लांब, एकसुरी, न थांबणारी. कुकर म्हणावा तर तो घरी. सासूबाईंनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. वेग कमी केला की शिट्टी बंद, वाढवला की पुन्हा सुरू. मेहुण्याने सांगितलं, कॅरिअरचा पुढचा दांडा वाजतोय. दांड्यावरून वारा जाताना मागे एक भोवरा वरून, एक खालून असे सुटत राहतात, ते ठरावीक ठेक्यात सुटले की आवाज होतो. उपाय आहे, पण त्यासाठी पुढे लावायची खास पट्टी मागवावी लागेल. पाच हजारांपर्यंत मिळते.

"थांबव गाडी," सासूबाई म्हणाल्या.

त्या उतरल्या. पिशवीतून परकराची जास्तीची नाडी काढली. प्रवासाला निघताना त्या नाडी, सुईदोरा आणि सुंठ एवढं घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मला पायरीवर चढवून ती नाडी त्या दांड्याला वेटोळी गुंडाळायला लावली. कळशीला दोर बांधतात तशी, थोडं अंतर सोडून सोडून. पुढे ऐंशी किलोमीटरपर्यंत वेग गेला तरी शिट्टी नाही. मेहुणा गप्प झाला. मी पुढे वाचलं तेव्हा कळलं, कारखान्यांच्या उंच पोलादी धुराड्यांना वरच्या भागात जी पत्र्याची वेटोळी पट्टी दिसते ती याचसाठी असते. भोवऱ्यांचा ठेका मोडला, की धुराडं थरथरत नाही. सासूबाईंना विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, "वाजणाऱ्या वस्तूला काहीतरी गुंडाळायचं असतं, एवढं कळतं मला."

माणगाव, मंडणगड करत दुपारी आंजर्ल्याला पोचलो. दर्शन झालं, जेवण झालं. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. किनाऱ्याच्या तोंडाशी पाटी होती, वाहने नेण्यास मनाई आहे. मेहुणा म्हणाला, ती मोटारींसाठी आहे. आमची मोटारच आहे, असं मी म्हणायच्या आत पुढची चाकं वाळूत होती. मी उतरून उभा राहायला हवं होतं. राहिलो नाही. मलाही मनातून बघायचंच होतं, हे कबूल करतो.

ओल्या वाळूवर गाडी झकास गेली. मग त्याने फोटोसाठी ती कोरड्या वाळूकडे वळवली. इंजिनाने आवाज वाढवला, चाकं फिरली, आणि जीप जिथल्या तिथे, बसायला पाट मिळाल्यासारखी, खाली बसली. आणखी ॲक्सिलरेटर दिला तसतशी आणखी ऐसपैस बसली. आम्ही उतरलो. मेहुण्याच्या चेहऱ्यावर भीती असेल असं वाटलं होतं. होता तो निव्वळ आनंद. तो ज्या क्षणासाठी तीन वर्षं हप्ते भरत होता तो आला होता.

"आता बघा," म्हणून तो नारिंगी फळ्यांकडे गेला.

या फळ्यांचंही घराणं मोठं. राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुटीत मोटारी घेऊन इजिप्तच्या वाळवंटात हिंडायचा. गाडी रुतली की चाकाखाली घालायला त्याला कैरोच्या भंगारवाल्याकडे पन्हळीसारखे पोलादी पत्रे मिळाले. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला केलेले. ते पत्रे गाडीच्या अंगाला बांधून तो शेकडो मैल वाळूतून फिरला. रेडिएटरची वाफ फुकट जाऊ नये म्हणून त्याने तिला नळी जोडून पायरीवरच्या डब्यात थंड करायची सोय केली, म्हणजे गेलेलं पाणी पुन्हा गाडीच्याच पोटात. (ही गोष्ट ऐकल्यापासून सासूबाई त्याला 'तो काटकसरी साहेब' म्हणतात.) त्याच अनुभवावर 1940 साली त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभी केली, आणि पुढच्याच वर्षी वाळू वाऱ्याने कशी हलते यावर असं पुस्तक लिहिलं, की वाळूचे अभ्यासक अजून त्याचं नाव घेतात. त्याच्या गाड्यांच्या बाहेरही पुष्कळ काही लटकलेलं असे. पण वाळूत शिरताना तो पहिलं काम करी ते टायरमधली हवा कमी करण्याचं. टायर पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं, चाक खणत नाही, तरंगतं. त्याला लागतो हवा मोजायचा एक गेज. पेनाएवढा. शेदोनशे रुपयांचा. मेहुण्याने तो घेतला नव्हता, कारण तो बाहेर लटकवता येत नाही.

फळ्यांपाशी मेहुणा बराच वेळ उभा राहिला. मग त्याने खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा.

"आई," तो अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "खुंटीवरच्या किल्ल्या घेतल्यास का?"

कुलुपबंद फावडं, कुलुपबंद जॅक आणि कुलुपबंद फळ्या यांच्यामध्ये आम्ही चौघं उभे. समुद्र दोनशे पावलांवर आणि तो आमच्याकडे यायला निघालेला. मोबाइलवर भरतीची वेळ बघितली आणि ताबडतोब मोबाइल खिशात टाकला.

माडांच्या बाजूने एक आजोबा आले. हाफ पँट, खांद्यावर टॉवेल, हातात कोयती. त्यांनीही गाडीला प्रदक्षिणा घातली. आमच्या गाडीचं नशीबच तसं. फावडं बघितलं, कुऱ्हाड बघितली, फळ्या बघितल्या. मग म्हणाले, "पाटी वाचता येत नाही की दिसत नाही? या वाळूत कासवं अंडी घालतात. हिवाळ्यात इथे घरटी असतात, पोरं रात्र रात्र राखण करतात. तुम्ही रांगोळ्या काढायला येता गाडीने!" आम्ही माना खाली घातल्या. खरंच लाज वाटली, ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांबद्दल मी इतरांना लेख पाठवणारा माणूस. पोटभर बोलून झाल्यावर आजोबांनी विचारलं, "एवढं सामान आहे, वापरत का नाही?"

"किल्ल्या पुण्याला राहिल्या," सासूबाई म्हणाल्या.

आजोबा हसले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी खाली बसून काडीने टायरचा व्हॉल्व्ह दाबला. "हवा सोडा. निम्मी. चारी." हवा किती गेली हे ते टायरला अंगठा लावून ठरवत होते, आंबा पिकलाय का बघतात तसं. मेहुण्याला हातांनी चाकांपुढची वाळू उपसायला लावली. मग माडाखाली पडलेल्या चार-पाच सुक्या झावळ्या ओढत आणल्या, देठ पुढे आणि पाती चाकाकडे अशा बेताने चाकाखाली सारल्या. "आता सावकाश. पाय दाबायचा नाही. बैलाला चुचकारतात तसं."

जीप कण्हली, झावळ्यांवर चढली, त्या कडाकडा मोडल्या आणि गाडी बाहेर. एकूण वीस मिनिटं. आजोबांना पैसे देऊ केले तर ते म्हणाले, "पैसे नकोत, ती पाटी उद्या येणाऱ्यांना वाचून दाखवा," आणि निघून गेले. टायरमध्ये हवा भरायला आमच्याकडे पंप नव्हता, तोही आतच ठेवावा लागतो. गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत आम्ही वरातीच्या वेगाने गेलो.

सकाळी निघताना सासूबाईंनी वाडीच्या मालकिणीकडून पाच सुक्या झावळ्या मागून घेतल्या. पुण्याचे खराटे आठ दिवसांत गळतात, इथल्या हिरांचा घरी बांधला की वर्षभर जातो, असं त्यांचं म्हणणं. झावळ्या आत मावेनात. मग त्या टपावरच्या कॅरिअरवर, सुंभाने, नीट आडव्या-उभ्या बांधल्या. कॅरिअर बसवल्यापासून त्यावर ठेवलेली ही पहिली वस्तू. मेहुण्याने विरोध केला नाही. वाळू उपसून त्याच्या हातांना फोड आले होते.

संध्याकाळी चांदणी चौक ओलांडून कोथरूडच्या सिग्नलला थांबलो. शेजारी दुसरी जीप येऊन उभी राहिली. तिलाही नळकांडं, डबे, फावडं, फळ्या, सगळं यथासांग. काच खाली झाली. आत एक तरुण मुलगा. त्याची नजर आमच्या गाडीवरून फिरत फिरत टपावर गेली आणि तिथेच थांबली. मागे झुपकेदार पाती, पुढे भक्कम देठ, वर सुंभाची गाठ. आणि पुढच्या दांड्याला वेटोळी पांढरी नाडी.

"दादा," तो आदराने म्हणाला, "हे वरचं कुठून मागवलंत?"

मेहुणा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आंजर्ल्याहून."

"ऑनलाइन मिळतं?"

मागच्या सीटवरून सासूबाईंनी मान बाहेर काढली. "नाही रे बाळा," त्या म्हणाल्या, "झाडावरून आपोआप पडतं."